बेस गिटारवरचे पिकगार्ड: जुना नमुना, नवी आवृत्ती आणि मधले काही मिलिमीटर

माझ्या एका मित्राने १९८०च्या दशकातील जपानी बनावटीचा एक प्रिसिजन बेस (फेंडर कंपनीच्या नमुन्याची बेस गिटार) विकत घेतला. वाद्य उत्तम स्थितीत होते. त्याला फक्त पांढरे पिकगार्ड, म्हणजे वाद्याच्या दर्शनी बाजूवर स्क्रूंनी बसवलेले पातळ आवरण, पसंत नव्हते, म्हणून त्याने कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेले नवे गार्ड ऑनलाइन मागवले. बेसच्या वर्णनात ‘१९६२च्या वाद्याची प्रतिकृती’ असे लिहिले होते आणि गार्डाच्या वर्णनातही ‘१९६२चा नमुना, १३ भोके’ असेच होते. पार्सल आल्यावर आम्ही जुने गार्ड उतरवून नवे त्याच्या जागी ठेवले, तेव्हा १३ पैकी ९ भोके बरोबर जुळली, दोन अर्धी झाकली गेली आणि उरलेली दोन थेट कोऱ्या लाकडावर आली. मानेच्या खाचेजवळ तर नखाची कड आत जाईल एवढी फट राहिली. विक्रेत्याकडे तक्रार केली असता ‘आमचा माल मूळ मापाचाच आहे’ असे उत्तर मिळाले. त्या उत्तराचा आम्हाला तेव्हा राग आला. पण गंमत अशी की ते उत्तर खोटे नव्हते. ‘मूळ माप’ नावाची एकच एक गोष्ट या बाबतीत अस्तित्वातच नाही.

हे समजून घेण्यासाठी आधी गार्ड नेमके काय काम करते ते पाहावे लागेल. वाजवताना बोटांनी किंवा पिकने लाकडावरच्या रंगाला ओरखडे पडू नयेत, हे त्याच्या नावातून सुचणारे काम झाले. पण बहुतेक इलेक्ट्रिक बेसवर ते त्याहून मोठे काम करते. पिकअप (वाद्याच्या तारांची कंपने टिपणारा चुंबकीय भाग) आणि विजेच्या तारा बसवण्यासाठी लाकडात कोरलेल्या खोबणी ते झाकते, आणि काही नमुन्यांमध्ये आवाजाची बटणे व जॅक (केबल जोडायची जागा) त्याच्यावरच बसवलेले असतात. म्हणजे गार्डाची बाह्यरेषा डोळ्यांना बरी दिसावी म्हणून जेवढी आखलेली असते, त्याहून अधिक ती खालच्या खोबणींना झाकण्याच्या गरजेतून आलेली असते. खालचे काम बदलले की वरचा आकार बदलतो. जुने गार्ड वाचायचे ते याच दृष्टीने.

लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील फुलरटन येथील कारखान्यातून १९५१मध्ये प्रिसिजन बेस बाहेर पडला, तेव्हा त्याचे शरीर फळीसारखे सपाट होते आणि त्यावर काळे फायबरचे एकथरी गार्ड होते. वाद्याच्या शरीराला मानेच्या दोन्ही बाजूंनी जी टोके पुढे येतात त्यांना वादक शिंगे म्हणतात. हे पहिले गार्ड एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत ऐसपैस पसरलेले होते आणि मध्ये एका छोट्या, सरळ पिकअपसाठी जागा कापलेली होती. बटणे मात्र त्यावर नव्हती. ती क्रोमचा मुलामा दिलेल्या स्वतंत्र धातूच्या पट्टीवर बसवलेली होती आणि जॅक शरीराच्या कडेला होता. त्याच कारखान्यातल्या टेलिकास्टर गिटारचे हे मोठ्या आकाराचे भावंड शोभावे, अशीच एकूण रचना होती. १९५४च्या सुमारास शरीराच्या कडा अंगाला टोचू नयेत म्हणून तासण्यात आल्या, गार्ड काळ्याचे पांढरे झाले, पण त्याची मूळ ठेवण तीच राहिली. गायक व बेसवादक स्टिंग यांच्या हातात अनेकदा दिसणारा झिजलेला बेस याच घराण्यातला आहे.

खरा बदल झाला १९५७मध्ये. एका सरळ पिकअपच्या जागी दोन तुकड्यांत विभागलेला, एक तुकडा किंचित वर आणि दुसरा किंचित खाली असा पिकअप आला आणि बटणे व जॅक गार्डावर चढले. १९५४मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर कारखान्याने हीच युक्ती वापरली होती. विजेची सगळी जोडणी बाकावर बसून गार्डाच्या मागच्या बाजूला करायची आणि मग तयार गार्ड वाद्यावर ठेवून स्क्रू पिळायचे, यात वेळही वाचतो आणि चुकाही कमी होतात. या एका सोयीमुळे गार्डाचा आकार मुळापासून बदलला. वरच्या शिंगावरचा पसारा आटोपला, तेथे मानेला लागून जिभेसारखा एक भाग राहिला, आणि खालच्या शिंगापासून पिकअपला वळसा घालून बटणांपर्यंत उतरणारा मोठा भाग नव्याने आला. आज ‘प्रिसिजनचे गार्ड’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो आकार हाच.

१९५७चे हे गार्ड प्लॅस्टिकचे नव्हतेच. ते सोनेरी ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे होते आणि १० स्क्रूंनी बसवलेले होते. धातूचे असल्यामुळे बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून आतल्या तारांना आपोआप आडोसा मिळत असे. त्याची अडचण वेगळीच होती: सोनेरी थर अतिशय पातळ असल्याने जेथे बोटे घासत तेथे तो उडून खालचा राखाडी-पांढरा धातू उघडा पडे. जुन्या वाद्यांवर वादकाच्या हाताचा जणू नकाशाच उमटलेला दिसतो, आणि पिकअपवरच्या क्रोमच्या झाकणाखाली जो भाग दडलेला होता तेथे मात्र मूळ सोनेरी रंग तसाच टिकलेला असतो. एखादे गार्ड अस्सल जुने आहे की मुद्दाम घासून जुने केले आहे, हे पाहायचे तर ही जागा आधी पाहावी. घासणारे बहुतेकदा सगळीकडे सारख्याच उत्साहाने घासतात.

१९५९मध्ये ॲल्युमिनियम गेले आणि सेल्युलॉइड आले: तपकिरी-लालसर नक्षीचे किंवा पांढरे, थरावर थर चिकटवलेले. विद्युत आडोशाचे काम आता प्लॅस्टिक करू शकत नव्हते, म्हणून त्याच्या खाली ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घालण्यात आला. स्क्रूंची संख्याही लवकरच १०वरून १३वर गेली. पत्रा ताठ असतो, सेल्युलॉइड वाकते आणि कडेने उचलले जाते, त्यामुळे त्याला अधिक ठिकाणी धरून ठेवणे भाग होते, हे कारण समजण्यासारखे आहे. म्हणूनच आजच्या बाजारात ‘सत्तावन्नचे’ गार्ड म्हणजे १० भोकांचे आणि ‘बासष्टचे’ म्हणजे १३ भोकांचे अशी ढोबळ भाषा रूढ झाली आहे. जेम्स जेमर्सन यांनी मोटाउन या अमेरिकी संगीत कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजवलेला १९६२चा सनबर्स्ट रंगाचा बेस कासवपाठी नक्षीच्याच गार्डाचा होता, आणि त्या दिसण्याचा मोह आजही सुटलेला नाही. माझ्या मित्रालाही तो सुटला नव्हता.

आता या सेल्युलॉइडकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण जुन्या आणि नव्या गार्डांमधील फरकाचे अर्धे उत्तर त्या पदार्थातच आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रो-सेल्युलोज आणि त्याला लवचीकपणा देणारा कापूर. होय, आपल्या देव्हाऱ्यातला तोच कापूर. डबीत ठेवलेली कापराची वडी काही महिन्यांनी लहान झालेली दिसते, तसाच सेल्युलॉइडमधला कापूरही वर्षानुवर्षे हळूहळू उडून जात राहतो. शिवाय मूळ पदार्थाचे विघटन होऊन त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू बाहेर पडतात आणि ते जवळच्या स्क्रूंना व धातूच्या भागांना गंजवतात. या दोन्हींचा परिणाम म्हणून गार्ड आक्रसते. समजा, ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा केवळ एक टक्का आक्रसला, तरी त्याची लांबी ३ मिलिमीटरने कमी होते. गार्डाचा स्क्रू साधारण तेवढ्याच जाडीचा असतो, म्हणजे टोकाचे भोक एका अख्ख्या स्क्रूइतके सरकू शकते.

पण गार्ड मोकळे नसते. ते १३ स्क्रूंनी लाकडाला जखडलेले असते. लाकूड सेल्युलॉइडसारखे आक्रसत नाही, स्क्रू जागचे हलत नाहीत, आणि मधला पदार्थ आत ओढत राहतो. मग ताण जेथे साठतो तेथे काहीतरी तुटते. स्क्रू तिरपे होतात, भोकापासून कडेपर्यंत केसासारखी चीर जाते, मानेजवळची निमुळती जीभ वर वळते. अनेक जुन्या वाद्यांवर गार्डाचे एखादे टोक तुटून गेलेले दिसते, ते पुष्कळदा आदळल्यामुळे नव्हे तर या मंद ओढीमुळे. अशा वाद्यावरून दुरुस्तीसाठी गार्ड उतरवायचे असेल तर सगळे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सैल करावेत असे जाणकार सांगतात, आणि एकदा उतरवलेले गार्ड पुन्हा आपल्याच भोकांवर बसायला नकार देते हा अनुभवही नवा नाही. साठ वर्षे ताणून धरलेली वस्तू सुटताच आपल्या खऱ्या, आक्रसलेल्या मापावर येते.

येथेच नवी आवृत्ती काढणाऱ्यापुढचा पेच उभा राहतो. जुन्या वाद्याची हुबेहूब प्रतिकृती करायची, तर कोणत्या गार्डाची करायची? कारखान्यातून निघाले त्या दिवशी असलेल्या गार्डाची, की आज हातात असलेल्या, आक्रसलेल्या आणि कडेला वळलेल्या गार्डाची? आजच्या तुकड्यावरून रेघ ओढली तर आपण झीजही नकलून घेतो. त्या दिवशीचा आकार हवा असेल तर अनेक नमुने पाहून, लाकडावरच्या न हललेल्या भोकांवरून अंदाज बांधावा लागतो. आणि ते अनेक नमुनेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण त्या काळी लाकडी शरीरे फर्म्याच्या आधाराने हाताने यंत्रावर फिरवून कोरली जात. कारागिराचा हात, झिजलेला फर्मा, घासकामात कमी-अधिक गेलेले लाकूड यांमुळे एकाच महिन्यात बनलेल्या दोन वाद्यांतही बारीक फरक पडे. दोन अस्सल बासष्टच्या बेसची गार्डे अदलाबदल करून पाहिली आणि ती चपखल बसली नाहीत, तर त्यात नवल काही नाही. याउलट आजचे यंत्र संगणकातल्या एका आराखड्यावरून हजार गार्डे कापते आणि हजारही सारखीच असतात. म्हणजे नव्या आवृत्तीतले ‘१९६२’ हे कोणत्याही एका १९६२च्या वाद्याचे माप नसते. ते कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेले मधले माप असते. यात फसवणूक नाही. मात्र दोन वेगवेगळ्या लोकांनी ठरवलेली मधली मापे एकच असतील, ही अपेक्षा चुकीची आहे.

अशा लोकांची संख्याही थोडी नाही. जुन्या रचनेकडे परत जाण्याचा पहिला प्रयत्न खुद्द फेंडर कंपनीनेच १९६८मध्ये ‘टेलिकास्टर बेस’ या नावाने केला होता. त्यावर १९५१च्या ठेवणीचे मोठे गार्ड आणि वेगळी क्रोमची पट्टी परत आली. त्यापूर्वी, १९६५मध्ये, कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या मालकीची झाली होती, आणि त्यानंतरच्या वाद्यांविषयी वादकांची नाराजी वाढत गेली तसे जुन्या वाद्यांचे भावही वाढत गेले. अखेर १९८२मध्ये सत्तावन्न आणि बासष्ट या सालांच्या नावाने अमेरिकेत अधिकृत प्रतिकृती निघू लागल्या. त्याच वर्षी जपानमध्ये फेंडर जपान ही कंपनी स्थापन झाली आणि मात्सुमोतो येथील फुजीजेन कारखान्यात तशाच प्रतिकृती बनू लागल्या. साल तेच, नाव तेच, पण आराखडे, यंत्रे आणि मोजण्याची पद्धत निराळी. अमेरिकेत इंच, जपानमध्ये मिलिमीटर. माझ्या मित्राच्या बेसवरचे पांढरे गार्ड जपानी आराखड्याचे होते आणि पार्सलमधून आलेले अमेरिकी आराखड्याचे. २०१२ आणि २०२२मध्ये अमेरिकेतील मालिका पुन्हा नव्याने आखली गेली तेव्हा १९५८, १९६३, १९५४, १९६० अशी आणखी नेमकी साले निवडली गेली, त्यामुळे आता ‘जुन्या नमुन्याचे’ म्हणून विकले जाणारे गार्ड नेमक्या कोणत्या मालिकेतील, कोणत्या सालाचे आणि कोणत्या देशातील आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेच लागतात.

पदार्थ बदलल्याचा परिणाम बाह्यरेषेइतकाच कडेवरही दिसतो. गार्डाची कड तिरपी तासलेली असते आणि त्या उतारावर थरांच्या पट्ट्या उघड्या पडतात: पांढरी, काळी, पुन्हा पांढरी. उतार जितका पसरट, तितकी काळी रेघ रुंद दिसते. आजची गार्डे बहुतांशी पीव्हीसीची असतात आणि त्यांच्या कडेचा उतार जुन्यापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे बाह्यरेषा तंतोतंत जुळत असली तरी दुरून पाहताना नवे गार्ड किंचित जाड किंवा किंचित लहान भासते. रंगाचेही तसेच आहे. जुने पांढरे सेल्युलॉइड वयानुसार फिकट हिरवट झाले. त्या रंगाला आता ‘मिंट’ म्हणतात आणि नव्या गार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये तो रंग आधीपासूनच मिसळलेला असतो. १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर सेल्युलॉइड मागे पडले, म्हणून सत्तरच्या दशकातील नमुन्याच्या बेसवर मिंट गार्ड चढवणे हे जाणकाराला खटकते. त्या काळाला तीनथरी काळे किंवा साधे पांढरे गार्डच शोभते. हा अर्थात आवडीचा प्रश्न आहे, पण पैसे ‘अस्सल दिसण्यासाठी’ मोजत असाल तर तो आवडीचा राहत नाही.

१९६०मध्ये आलेल्या फेंडरच्याच जॅझ बेसची गोष्ट मात्र सोपी आहे. त्यात बटणे पुन्हा स्वतंत्र क्रोमच्या पट्टीवर गेली आणि गार्ड त्या पट्टीला येऊन भिडते. गार्ड आणि पट्टी यांच्यामधली सांधरेषा एकसारखी आहे की एका टोकाला रुंदावते, एवढे पाहिले तरी दुसऱ्या आराखड्याचे गार्ड चटकन ओळखता येते. सत्तरच्या दशकात या वाद्यावरचा मागचा पिकअप ब्रिजच्या (शरीरावर तारा जेथे टेकतात त्या भागाच्या) दिशेने सरकला, आणि पुष्कळ जण त्यामुळे गार्डही बदलले असेल असे समजतात. पण जॅझचे गार्ड मागच्या पिकअपपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे तो बदल गार्डाच्या आकाराला स्पर्शही करत नाही. बटणे गार्डावर नसल्यामुळे जॅझ बेस गार्डाशिवायही निर्धास्त वाजवता येतो. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२च्या जॅझ बेसच्या मानेवरचे पडदे (फ्रेट) तर काढलेच, पण गार्डही काढून टाकले होते. प्रिसिजनच्या बाबतीत असे करायला गेल्यास बटणे, जॅक आणि तारा हवेत लोंबकळतील.

विकत घेण्यापूर्वी काय मोजावे, याचे उत्तर या सगळ्यातून आपोआप निघते. साल आणि भोकांची संख्या यांवर विसंबू नये. आपल्या बेसवरचे गार्ड उतरवून ते कोऱ्या कागदावर ठेवावे, अणकुचीदार पेन्सिलीने बाह्यरेषा व प्रत्येक भोक उमटवावे, आणि त्या कागदाचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून विक्रेत्याला पाठवावा. सर्वांत महत्त्वाची जागा मानेच्या खाचेभोवतीची, कारण तेथे गार्ड मानेला अगदी चिकटून असते आणि अर्धा मिलिमीटरही लपत नाही. मानेतील सळई जेथून फिरवली जाते तो नट जुन्या पद्धतीच्या वाद्यांत शरीराकडच्या टोकाला असतो, आणि काही गार्डांना त्यासाठी तेथे अर्धचंद्राकृती खाच कापलेली असते. ज्या वाद्यात हा नट डोक्याकडच्या टोकाला आहे, त्यावर अशा खाचेचे गार्ड बसवले तर तेथे निष्कारण उघडे लाकूड दिसते. मग बटणांची भोके. बटणाखाली जो फिरणारा भाग असतो त्याला पॉट म्हणतात. अमेरिकी पॉट सामान्यतः ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या आट्यांच्या गळ्याचे असतात, तर आशियाई बनावटीच्या अनेक वाद्यांतले पॉट ७ किंवा ८ मिलिमीटरचे. लहान भोक कानसीने मोठे करता येते. मोठे भोक लहान करता येत नाही, पॉट त्यात हलत राहतो आणि वायसर टाकून वेळ निभावून न्यावी लागते. शेवटी अंगठा किंवा बोटे टेकवायच्या छोट्या ठोकळ्याची भोके पाहावीत. हा ठोकळा १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्वांत बारीक तारेच्या खालच्या बाजूला असे आणि नंतर तो सर्वांत जाड तारेच्या वर गेला, त्यामुळे ती दोन भोके चुकीच्या बाजूला निघाली तर ती झाकायला काहीच नसते.

आमच्या बाबतीत एवढे सगळे पार्सल उघडल्यानंतर कळले. गार्ड परत करण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. गार्डातली चुकलेली भोके कानसीने लांबट करावीत असा पहिला विचार होता, पण स्क्रूचे डोके अशा भोकात तिरपे बसते आणि ते आयुष्यभर डोळ्यांत खुपते. म्हणून आम्ही उलटा मार्ग धरला. बेसच्या लाकडातील न जुळणाऱ्या चार भोकांत काडेपेटीच्या काड्या गोंद लावून ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, धारदार पात्याने वरचा भाग सपाट कापला आणि नव्या जागी बारीक ड्रिलने चार भोके पाडली. त्यांतली दोन जुन्या भोकांच्या इतकी जवळ होती की ड्रिल काडीच्या मऊ लाकडात घसरू नये म्हणून आधी सुईने खूण करावी लागली. नवे गार्ड आता घट्ट बसले आहे. मानेजवळची फट तशीच आहे, आणि मित्राने पांढरे गार्ड तेराही स्क्रूंसह एका पाकिटात घालून बेसच्या केसमध्ये जपून ठेवले आहे, कारण हा बेस पुढे कधी विकायचा झाला तर घेणारा पहिल्यांदा तेच मागेल.